सुतकातल्या मधपेट्या

बायको गेली तवा तूर फुलावर होती. घरामागं निंबाखाली तिच्या तीन मधपेट्या. पेट्यांचं सारं तीच पाहे. माह्याकडं फक्त पेट्या ठेवलेल्या लाकडी घोडीच्या पायाखालच्या वाट्यांत पाणी टाकायचं काम, मुंग्या चढू नये म्हणून.

माशांच्या अंगावर एक तांबडा कोळी बसते, राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. पिल्लांनाही शोषते. बायको दर आठवड्याले पेटी उघडून वरून पिठीसाखर भुरभुरायची. माशा अंग साफ करत, अन् कोळी खालच्या कागदावर पडत. तो कागद ती चुलीत टाके.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी साखरेचा डबा घेऊन मागं गेलो. मोठ्या भावाची बायको न्हाणीजवळ भांडे घासत होती. म्हणाली, "भाऊजी, सुतक हाये. मधाले हात नोका लावू. देवाले लागते थे."

डबा ठेवून देला. तेरवी झाली, पाव्हणे गेले. तरी पेट्या तशाच. आंघोळीचाही कंटाळा येत होता, तं पेट्या कोण उघडते.

मंग अंगणात माशा पायी चालताना दिसल्या. पंख चुरगळलेले. कोंबड्या टिपून राह्यल्या होत्या. पेट्या उघडल्या. दोन पेट्यांत तळाशी मेलेल्या माशांचा थर. तिसरीत ओंजळभर जित्या अन् राणी. ही एक वाचावी, एवढंच वाटलं. रडू आलं नाही.

ज्यानं पेट्या देल्या होत्या तो पोरगेला माणूस दिग्रसहून मोटारसायकलनं आला. पोळं उन्हात धरून पाह्यलं.

"काका, इतके दिवस काहून नाही उघडली?"

"सुतकात कोनी उघडते का?" वहिनीच बोलली.

"कोळ्याले सुतक नसते, काकू."

"तुही बायको मरू दे, मंग शिकव."

त्यानं औषधाची पट्टी पोळ्यांमधी अडकवली. जाताना मले म्हणे, "जगली तं जगली. नाही तं पोळे जाळून टाका. हे कोळी दुसऱ्याच्या पेट्यांत जातीन."

रोज सकाळी पेटीच्या दाराशी बसत गेलो. येणंजाणं कमी होत गेलं. एक दिवस कोनीच बाहेर आलं नाही. झाकण काढलं. राणी पोळ्यावर फिरून राह्यली होती. रिकाम्या घरात डोकं घाले, अंडं ठेवे, पुढं सरके. पोसाले एकही माशी नव्हती. थोडा वेळ पाह्यलं. मंग तिले चिमटीत दाबलं.

पोळ्यांच्या साऱ्या चौकटी निंबापासून दूर नेऊन रचल्या.

"मेण तं काढून घ्या, भाऊजी."

"नाही."

मेण लवकर पेटते. धूर वहिनीच्या ओसरीत गेला. ती भाकर अन् वांग्याची भाजी ताटात घेऊन आली. मी तिथंच, आगीजवळ बसून खाल्ली.