तळ्याला हवं तेवढं पाणी

वनमालाबाई मोहिते ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाना ओली या वस्तीत राहत आणि आम्हा मुलींना शाळेत विज्ञान शिकवत. संस्थानच्या एका बागेतलं तळं त्यांनी आम्हाला दाखवलं होतं. त्यातले हिरवट बेडूक काठावर येतच नसत. चाहूल लागली की पाण्यावर टप्पे घेत पलीकडे जात. बाईंच्या लहानपणी ते लष्कर भागातल्या कितीतरी बावड्यांत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींत, दिसत. आता बाईंना ते फक्त इथेच सापडत होते.

उन्हाळ्यात शेजारच्या विहिरीवर मोट चालवून तळ्यात पाणी सोडत. संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं, बाग एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली आणि मोटेचे बैल लिलावात विकले गेले. चैत्रात तळ्याचा तळ दिसू लागला. माळी दौलतसिंह हताश होऊन म्हणाला, हुकूम येईपर्यंत मी काय करणार, बाईजी?

बाई कचेरीत गेल्या. तिथे कळलं, साहेब इंदूरला. तेव्हा सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे आणि उन्हाळ्यात इंदूरला. पाणी आटायचं ते मात्र उन्हाळ्यातच.

शेवटी त्या आपल्या दिरांच्या गावी गेल्या. संभाजीराव संस्थानच्या घोडदळात होते; फौज मोडल्यावर शेती पाहत. बाईंनी बैलजोडी मागितली, कशासाठी तेही सांगितलं. जाऊबाईंना हसू आवरेना. संभाजीराव हसले नाहीत.

"वहिनी, फौज मोडली तेव्हा आम्हाला घरी पाठवलं. घोड्यांचं काय करायचं, ते कुणीच विचारलं नाही. माझा घोडा टांग्याला जुंपलेला पाहिला मी, स्टेशनाजवळ पडावावर."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बैल घेऊन आले. दौलतसिंहाने मोट जोडली. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्याही उन्हाळ्यांत तळं टिकलं. आम्ही मुली पाटातला गाळ काढायचो.

मग मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. तळं बुजवून तिथे कर्मचाऱ्यांची घरं बांधायचं ठरलं. बाईंनी अर्ज केले, भेटी घेतल्या. सगळे आदराने बोलले आणि घरं झाली. त्याआधी बाईंनी आणि संभाजीरावांनी हाती लागले तेवढे बेडूक ओल्या गोणपाटाने झाकलेल्या घागरींतून गावच्या बावडीत नेऊन सोडले. पुष्कळसे वाटेतच मेले. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात बावडीत पिल्लं दिसली.

निवृत्तीनंतरही त्या दरवर्षी तिथे जात. एकदा मी सोबत होते. बाई पायरीवर बसून कान देऊन ऐकत होत्या.

"ओरडतायत का गं? मला हल्ली कमी ऐकू येतं."

मी ऐकलं. एकच ओरडत होता, थांबून थांबून. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बसू या जरा. दुसरा उत्तर देतो का बघू."