मोहिउद्दीन जॉबर आणि कोल्हापूरचा कोच

मोहिउद्दीन भिवंडीत आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता. लूम अडला, धोटा उडाला, पट्टा निसटला की कारागीर हात वर करायचे आणि हा पाना घेऊन जायचा. हाक मारून बोलावण्याची सोय नव्हती. एका पत्र्याखाली एवढे लूम चालू असले की शेजारच्याचा आवाजही पोचत नाही. म्हणून सगळं बोलणं हातांनी. मूठ मिटली की थांब, बोट गोल फिरवलं की पट्टा, दोन बोटं ओठाला लावली की चहा आला. मी कापडाची घडी घालायचो. माझं टेबल दाराशी होतं, तरी आता मलाही उजव्या कानाने कमीच ऐकू येतं.

त्याच्याविषयी दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून आठवतं तेवढं लिहितो.

त्याला फुटबॉलचा नाद होता. शिक्षण उर्दू सातवीपर्यंत. कॉलेज निघालं तेव्हा तिथे टीम झाली, पण शिकवायला कोणी नव्हतं. हा पाळी सुटली की मैदानाच्या कडेला उभा राहायचा. उभा राहता राहता सांगायला लागला, आणि पुढे टीम त्याचीच झाली. पगार नाही, कागद नाही. सत्तर साली गावात जी दंगल झाली, त्यानंतर बरेच महिने त्या मैदानाकडे कोणी फिरकत नव्हतं. पहिला चेंडू घेऊन गेला तो हाच. एकटाच भिंतीवर मारत बसला होता म्हणतात. आठवड्याभरात मुलं जमली. मग बघणारेही आले, आमचे कारागीर आले, जवळच्या राहनाळच्या गोदामांतले हमाल आले.

टीममधली निम्मी मुलं घरच्या लूमवर पाळी करून कॉलेजात येत. कानाने तीही अर्धीच. मोहिउद्दीन त्यांना हातांनीच शिकवायचा, आणि मॅचच्या वेळी कडेला उभे असलेले आम्ही सगळेही हातांनीच सांगायचो. डावीकडे मोकळं आहे, मागून आला, मार. कल्याण-ठाण्याच्या टीम आम्हाला ‘भिवंडीचे मुके’ म्हणायच्या. आम्हाला त्याचं वाईट वाटत नसे.

चौऱ्याहत्तर साली पावसाळा संपत असताना कळलं की कॉलेजात कोचची जागा मंजूर झाली आहे. पगाराची, दिवसाच्या कामाची. तोवर मोहिउद्दीनला खोकला लागलेला होता. छातीत रुई बसते, आमच्याकडे पुष्कळांना बसते. डॉक्टरांनी त्याला लूमचं काम सोडायला सांगितलं होतं. हे मला त्याच्या बायकोने, माजिदाने सांगितलं, तो स्वतः बोलला नाही. फक्त त्या महिन्यात त्याने दाढी नीट करून घेतली, आणि एक पांढरा सदरा धोब्याकडे देऊन इस्त्री करून आणला.

जागा कोल्हापूरच्या एका माणसाला मिळाली. जयसिंग मोरबाळे नाव. पदवी होती, कोचिंगचा कोर्स होता.

ही बातमी धामणकर नाक्यावर गुलाम हुसेनच्या चहाच्या दुकानात फुटली. आमची सगळ्यांची बैठक तिथेच. गुलाम हुसेन चहा गाळायचा थांबला.

“कोल्हापूर? तिथे कुस्ती खेळतात ना?”

“फुटबॉल बी खेलतान,” लडकू म्हणाला. लडकू राहनाळचा, गोदामात हमालांचा टोळीवाला, आमच्यात सगळ्यांत मोठ्या आवाजाचा. “पन रस्सा पिऊन. आता आपल्या पोरांना चेंडू न्हाय, मटन शिकवील.”

“शिकवू दे. मटण तरी शिकतील,” गुलाम हुसेन म्हणाला.

“चाचा, मस्करी नको. मोहिउद्दीनभाईचा हक्क व्हता तो.”

“हक्क कॉलेजात चालत नाही. तिथे सर्टिफिकेट चालतं.”

मोहिउद्दीन कोपऱ्यातच बसला होता. सगळे त्याच्यासमोरच त्याच्याविषयी बोलत होते. तो बशीतला चहा फुंकत होता. कोणीतरी म्हणालं की मोर्चा काढू. कोणी म्हणालं, प्रिन्सिपलना घेराव घालू. लडकूने सगळ्यांना गप्प केलं.

“काय बी करायचा न्हाय. शिवी न्हाय, दगड न्हाय. फकस्त मॅचला जायाचा आनि हात खाली ठेवायचे. कोनी एक बोट उचलायचा न्हाय. आपले हात न्हाय तर पोरांना काय समजनार? टीम पडंल. त्याला एका मोसमापुरता ठेवलाय, पुढं बघू म्हनून. टीम पडली का तो कोल्हापूरला. मंग प्रिन्सिपल भाईच्या दारात.”

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं का बोलू. गुलाम हुसेनने मोहिउद्दीनला विचारलं, “तुझं काय मत?”

“मला ड्युटीवर जायचंय,” तो म्हणाला आणि उठला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

तो गेल्यावर लडकू म्हणाला, “बघा, मनात हाय त्याच्या. लाजतो.”

मोरबाळे आला तेव्हा तिशीचा असेल. रुंद खांद्यांचा, बोलायला मोकळा. पहिल्याच दिवशी तो कडेला उभ्या असलेल्या आमच्याकडे हसत आला आणि नमस्कार केला. कोणी नमस्कार घेतला नाही. मोहिउद्दीनने घेतला. नंतर आठवडाभर हा सरावाला जाऊन लांब पिंपळाखाली उभा राहायचा. एकदा मी बरोबर होतो. मोरबाळेने मुलांना चेंडू पुढे न मारता मागे द्यायला लावला होता. मागे, मग आडवा, मग एकदम पुढे. मला ते भित्रेपणाचं वाटलं. मोहिउद्दीन बराच वेळ बघत राहिला.

“हे बरोबर आहे,” तो म्हणाला. “समोरचा ओढला जातो. मी यांना सारखं पुढेच पळवलं. हे मला सुचलं नव्हतं रे.”

“तू काय कोर्स केलाय का,” मी म्हणालो.

“तेच म्हणतोय.” मग त्याला खोकला आला आणि आम्ही घरी आलो. वाटेत मी इतकंच म्हणालो की लडकूने ठरवलंय ते जमलं तर जागा तुलाच मिळेल. तो म्हणाला, “हो, मिळेल.” ते त्याने अशा तऱ्हेने म्हटलं की मला पुढे विचारवलं नाही.

पहिली मॅच शुक्रवारी होती. शुक्रवारी कारखाने बंद, म्हणून आमच्या मॅच नमाजानंतर. गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. लडकू राहनाळहून ट्रक भरून माणसं घेऊन आला होता. सगळे ओळीने बसले, हाताची घडी घालून. एवढी माणसं आणि इतकी शांतता मी त्या मैदानावर पाहिली नव्हती. समोरची टीम कल्याणची. त्यांनाही चुकल्याचुकल्यासारखं झालं असावं.

मुलं खेळायला लागली आणि सवयीने कडेकडे बघायला लागली. तिथे कोणी काही सांगत नव्हतं. मोरबाळे शिट्टी वाजवत होता, ओरडत होता. त्याचा आवाज मोठा होता, पण वारा आणि मुलांचे ते कान. त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं मुलं मुद्दाम ऐकत नाहीत. आमची तोंडं बघितल्यावर कोणालाही तसंच वाटलं असतं. त्याने दोन चांगल्या मुलांना बाहेर काढलं. ती दोघं रडकुंडीला आली, काय चुकलं तेच त्यांना कळेना. तेवढ्यात कल्याणने गोल केला. लडकूने माझ्याकडे पाहून डोळा मारला.

मोहिउद्दीन आमच्यात बसला नव्हता. तो गोलच्या बाजूला उभा होता, तोच इस्त्रीचा सदरा घालून. मुलं आता त्याच्याकडे बघत होती. त्याने हात पाठीमागे बांधलेले होते. नुसता एक हात पुढे आणला असता तर टीम पुन्हा त्याची झाली असती, आणि तो नवा माणूस सगळ्यांदेखत संपला असता. आणि काही न करता उभा राहिला असता तरी तेच झालं असतं, जरा उशिराने. जागा त्याच्याकडे चालत येत होती.

मध्यंतरात मोरबाळे स्वतः त्याच्याकडे गेला. मी जवळ होतो.

“काका, ही पोरं माझ्यावर रुसल्यात. तुम्हीच सांगा त्यांना. मी काय तुमचं घेतलं नाही हो. जाहिरात आली, अर्ज केला.”

“रुसली नाहीत. त्यांना ऐकू येत नाही.”

“म्हणजे?”

“लूमवर असतात. हाताने सांगा.”

मोरबाळेने शिट्टी खिशात टाकली. मग म्हणाला, “मला तुमचे हात येत नाहीत.”

“येतील. तुमचेच करा. त्यांना कुठलेही चालतात, कोणाचे बघायचे तेवढं कळायला हवं.”

आमच्या कारखान्यात पाळी बदलताना एक रीत होती. लूम चालूच असायचे, म्हणून जाणारा जॉबर येणाऱ्याला घेऊन मधल्या वाटेवर उभा राहायचा. एक हात त्याच्या खांद्यावर ठेवायचा आणि दुसरा वर करून सगळ्या कारागिरांना दाखवायचा. अर्थ एवढाच की आता काही अडलं तर याच्याकडे बघा, माझ्याकडे नाही. त्यानंतर जाणारा जॉबर घोटाळत थांबला तरी त्याला कोणी हात करत नसे.

मुलं परत मैदानात उतरली तेव्हा मोहिउद्दीन मोरबाळेला घेऊन रेषेवर गेला. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरा वर केला. मोरबाळेला त्यातलं काही कळलं नाही, तो अवघडून उभा होता. पण मुलांना कळलं. बसलेल्या आम्हा सगळ्यांना कळलं. मोहिउद्दीनने तो हात जरा जास्तच वेळ वर ठेवला, सगळ्यांनी बघेपर्यंत. मग तो पिंपळाच्या बाजूने चालत निघून गेला. उरलेली मॅच त्याने पाहिली नाही.

मोरबाळेने बाहेर काढलेली दोघं पुन्हा उतरवली आणि तो हात हलवायला लागला, वेडेवाकडे, पाखरं हाकल्यासारखे. थोडा वेळ आमच्या ओळीत कोणी हललं नाही. मग कल्याणचा एकजण मागून आला आणि लडकूचाच हात वर गेला. त्याने तो घाईने खाली घेतला, पण उशीर झाला होता. ओळभर हात वर गेले. मॅच बरोबरीत सुटली.

संध्याकाळी चहाच्या दुकानात लडकूने त्याला गाठलं.

“आमाला तोंडावर पाडलास भाई. तुझ्यासाठी केला व्हता सगला.”

“माहीत आहे.”

“मंग?”

“माझी पाळी संपली होती, लडकू.”

“पगाराची जागा व्हती ती.”

“हो,” मोहिउद्दीन म्हणाला. “चहा पी, गार होतोय.”

गुलाम हुसेनने त्या दिवशी दोघांकडूनही पैसे घेतले नाहीत.

त्या मोसमात टीम जिल्ह्यात उपांत्य फेरीपर्यंत गेली. त्याआधी कधी गेली नव्हती. मोरबाळे कायम झाला. डिसेंबरपर्यंत लडकू त्याला राहनाळला जेवायला घेऊन जात होता आणि नाक्यावर सांगत होता, “मी तं पयल्याच दिसाला बोललो, मानूस कामाचा हाय.” कोणी त्याला अडवलं नाही. मीही नाही.

मोहिउद्दीन लूमवरच राहिला. लूम बिघडायचे, हात वर व्हायचे, तो जायचा. मधूनमधून जिन्यावर बसून खोकायचा. मोरबाळे त्याला दोनदा बोलवायला आला होता, सरावाला या म्हणून. याने त्याला चहा पाजला आणि ड्युटीचं सांगितलं.

पुढच्या वर्षी एका शुक्रवारी मी त्याला मॅचला न्यायला गेलो. दार उघडंच होतं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. माजिदा तांदूळ निवडत होती.

“नमाजावरून आले ते तसेच पडले,” ती हळू आवाजात म्हणाली. “सात-आठ वर्षं शुक्रवारी घरात दिसले नाहीत. आता दर शुक्रवारी झोपतात. उठवू?”

“नको.”

त्याने तसंच पडल्या पडल्या विचारलं, “समोर कोण आहे?”

“उल्हासनगर.”

त्याने चादर अंगावर ओढली. मला वाटलं पुन्हा झोप लागली.

“उजवीकडून येतात ते,” तो म्हणाला. “मोरबाळेला माहीत असेल. तू जा, नाहीतर जागा मिळणार नाही.”

माजिदाने दाराची एक झडप लोटली, म्हणजे त्याच्यावर उजेड येणार नाही. मी मैदानाकडे निघालो.