मे महिन्यातली नदी

उद्योग खात्यात सगळे त्यांना साइटकाका म्हणत. प्लॅस्टिकचा, केमिकलचा कुठलाही कारखाना राज्यात जागा बघायला आला की काकांची जीप निघालीच. बावीस वर्षं एकच पाठ, पण काय ठसका! बंदर दोन तासांवर. प्लॅस्टिकचा दाणा बनवणारी कंपनी शेजारीच, म्हणजे कच्चा माल दारात. वीज दोन लाइनींवरून, एक गेली तर दुसरी हजर. सांडपाण्याचं केंद्र सगळ्यांचं मिळून, ज्याचं त्याने बांधायची कटकट नाही. आणि पाणी? "भरपूर!" म्हणत काका नदीकडे असा हात करायचे, जणू ती त्यांच्याच परसातून वाहतेय. पाहुणे यायचे पावसाळा सरल्यावर, तेव्हा नदीही काठोकाठ. मे महिन्याचं कुणी विचारत नसे, आणि न विचारता सांगायला काका काही खुळे नव्हते.

घरी मात्र या बोलघेवड्या माणसाचं तोंड शिवल्यासारखं. बायको चार वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक लेक केमिकल इंजिनियर झाली आणि परराज्यातल्या कंपनीत लागली. रविवारी काकांचा दिवसातला पहिला शब्द संध्याकाळी दूधवाल्याशी व्हायचा, तोही "अर्धा लिटर" एवढाच. घर खायला उठायचं नुसतं.

अशात एक दिवस लेकीचा फोन आला. तिची कंपनी रंगांना लागणारी रसायनं बनवायचा नवा कारखाना काढणार होती आणि शेवटच्या यादीत दोनच राज्यं उरली होती.

"बाबा, आपलं राज्य ठरलं तर मला बदली मिळेल. मोठ्या मॅडमनी शब्द दिलाय. मी घरीच राहीन."

झालं! काकांनी त्याच दिवशी तिची खोली झाडून काढली, खिडकीची कुरकुरणारी बिजागरी बदलली आणि शेजारणीला तीनदा बातमी सांगितली. चौथ्यांदा ती बिचारी दारच उघडेना.

मग खुद्द मॅडम जागा बघायला आल्या. काकांनी जीव ओतला. बंदर, वीज, सांडपाणी, मॅडम हातातल्या प्रश्नांच्या यादीत प्रत्येकापुढे खूण करत गेल्या. नदीकाठी त्यांनी यादीचा कागद उलटला.

"शेवटचा प्रश्न. आमचे रिअ‍ॅक्टर थंड ठेवायला बारा महिने पाणी लागतं. मे महिन्यात इथे किती असतं?"

'भरपूर' काकांच्या अगदी जिभेवर होतं. लेक त्या खोलीत राहायला आल्याचं चित्रही डोळ्यांपुढे होतं. पण उद्या त्या रिअ‍ॅक्टरशेजारी उभं कोण राहणार होतं? हीच लेक. ऐन वेळी पाणी नसलं तर तापलेला रिअ‍ॅक्टर फुटतो, हे बावीस वर्षं केमिकलवाल्यांबरोबर फिरलेल्या माणसाला कुणी सांगायला नको.

"मे महिन्यात मुलं पात्रात फुटबॉल खेळतात, मॅडम."

मॅडमनी लिहून घेतलं, आभार मानले आणि निघून गेल्या. आठवड्याने दुसऱ्या राज्याचं नाव जाहीर झालं. साहेबांनी काकांना फैलावर घेतलं, "इतकी वर्षं बरी गेली, नेमकं आत्ताच खरं बोलायचं सुचलं तुम्हाला?"

दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, रागावलात माझ्यावर?"

"तुझ्यावर? अगं, माती मी खाल्ली."

"पाण्याचा प्रश्न मी घातला होता यादीत. मॅडमना कुठून कळणार? लहानपणी त्या कोरड्या पात्रात मीच हुंदडायचे ना. दोन दिवस नुसतं लिहीत होते, खोडत होते. न विचारणं काही जमेना. वाटलं, तुम्ही नेहमीसारखं 'भरपूर' म्हणाल. म्हणजे मी माझं काम केलेलं असेल, आणि घरीही येईन."

काका फोन कानाला लावून जीपमध्ये जाऊन बसले.

"बाबा? नीट राहाल ना?"

"नाही गं," काका म्हणाले, "मला तुझ्याशिवाय अजिबात करमत नाही." हे त्यांनी तिला आजवर कधीच सांगितलं नव्हतं. तिकडे लेक हुंदके देत होती, आणि फोन ठेवायला दोघांचाही हात धजेना.