गिरजेची चौकशी

गिरजा गेली तेव्हा मी न्हाव्यापुढं बसलो होतो. अर्धी दाढी झालेली, अर्धी साबणात. शेजारचा नामदेव आला आणि म्हणाला, "तात्या, उठा. घरी चला." मी तसाच उठून निघालो. अंगणात ती हळद निवडत बसली होती, जरा आडवी होते म्हणून बाजेवर टेकली ती तशीच राहिली. तोंडावर तकलीफ दिसत नव्हती. मी साबण लागलेल्या तोंडानंच तिच्याजवळ बसलो. असती तर म्हणाली असती, आधी तोंड धुवा, लोकं हासतेत...

गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे. गिरजा गोड नव्हती. कोणाचीही गोष्ट मधूनच तोडायची आणि विचारायची, "हे तुम्हाला सांगितलं कोनं?" पाहुणे वैतागायचे. मीही वैतागायचो. मी चौथी शिकलेला, लिहिणं माझं काम नाही. पण तिची ही खोड चार लोकांच्या कामाची आहे, म्हणून लिहून राहिलो.

आमच्या लेकीला, सरूला, पहिलं स्थळ डोंगरकडा गावाकडचं आलं होतं. मध्यस्थ माझाच मावसभाऊ. बागाईत जमीन, पोरगा निर्व्यसनी, असं बरंच सांगत होता. मी तर सुपारी फोडायला निघालो होतो. गिरजेनं पायलीभर ज्वारी पिशवीत घातली, एसटीनं त्या गावाला गेली आणि तिथल्या पिठाच्या गिरणीवर नंबर लावून बसली. दळण होईपर्यंत बायांनी सगळं सांगितलं. बागाईत जमीन चुलत्याची होती, पोराला त्यात गुंठाभरही वाटा नव्हता. मी मावसभावावर खवळलो, तर हीच म्हणाली, "त्येला काहून बोलता? त्यो खोटा न्हाई. त्येलाबी दुसऱ्यानंच सांगितलं व्हतं. आणनारा आपला असला म्हून सांगनारा आपला व्हत न्हाई."

पुढं आम्हा दोघांनाही बीपीची गोळी लागली, आणि घरात मोठ्या पडद्याचा फोन आला. फोनवर सकाळ झाली की औषधं सुरू. कोणी म्हणतं ही गोळी बंद करा, कोणी म्हणतं हा काढा प्या, कोणी पांढरा कोट घालून हिंदीत दम देतं. पाठवणारे सगळे आपलेच, सोयरे, गाववाले. लोक तेवढ्यावर विश्वास ठेवतात. गिरजा मला ते मोठ्यानं लावायला सांगायची आणि डोळे मिटून ऐकायची. मग म्हणायची, स्थळ आलंय, चौकशी करा. हा बोलणारा कोण, कोणत्या दवाखान्यात बसतो? व्हिडिओ कधीचा? कोणासाठी सांगून राहिला, आपल्या बीपीवाल्यांसाठी का शुगरवाल्यांसाठी? आणि शेवटपर्यंत पाहायला लावायची. म्हणायची, हुंड्याचं शेवटालाच काढतेत. बहुतेक वेळा शेवटी चूर्णाचा डबा आणि फोन नंबर निघायचाच.

पण तिला फोनवरचं सगळंच खोटं वाटायचं असंही नाही, हे सांगितलं पाहिजे. एकदा कोणीतरी पाठवलं की बीपीवाल्यांनी अंगदुखीच्या गोळ्या मनानं खाऊ नयेत, किडनी बिघडते. मी हसलो. गुडघ्यासाठी मी तीच गोळी दुकानातून आणून चघळल्यासारखी खात होतो. गिरजा त्या गोळीचं पाकीट घेऊन बाळापूरला, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. बाई म्हणाल्या, मावशी, हे मात्र बराबर आहे. झालं, माझी गोळी बंद. घरी येऊन मला म्हणाली, "समदी स्थळं वाईट नसतेत. पर चौकशी चांगल्याचीबी करावी लागती."

ती गेल्यावर तेराव्याला तिचा धाकटा भाऊ दत्तराव माझ्यापाशी येऊन बसला. त्यालाही बीपी. फोन पुढं केला, डोळे भरलेले. एक माणूस सांगत होता की मी आणि दत्तराव घेतो तीच बीपीची गोळी पायाला सूज आणते आणि हळूहळू हृदय बंद पाडते.

"दाजी, ताईचे पाय सुजत व्हते का न्हाई?"

सुजत होते. कितीतरी दिवस मीच हातानं तिला ती गोळी दिली होती. खरं असलं तर मीच तिला... पुढचा विचार करवेना. दत्तराव म्हणाला, "म्या तर बंदच करून टाकली. तुमीबी फेका."

तोंडात आलं, बरं केलंस. पण समोर तिची बाज होती. मी म्हणालो, "दत्तराव, स्थळ आलंय. चला."

दुसऱ्या दिवशी दोघं बाळापूरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नव्हतं, गाव सांगितलं नव्हतं, शेवटी चूर्ण होतंच. बाईंनी गोळीच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडला आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. म्हणाल्या, सूज येते हे खरं, इथं लिहिलंय, म्हणून तर मी मावशींची गोळी बदलली होती. नवी आल्यावर सूज उतरली, आठवतं ना? आठवत होतं. हृदय बंद पाडते हे मात्र खोटं. "एका खऱ्याच्या आडोशानं खोटं आत शिरतं, काका. मावशी गोळीनं गेल्या नाहीत. गोळीमुळं बीपी ताब्यात होतं त्यांचं."

छातीवरचा धोंडा उतरला. मग बाईंनी सहज दत्तरावच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. एकदा बघितलं, परत बघितलं, आणि त्याला खाटेवर निजवलं. बीपी फार चढलंय, गोळी अशी एकदम सोडायची नसते म्हणाल्या, आणि दिवस मावळेपर्यंत हलू दिलं नाही. मी बाजूला बसून होतो. दत्तराव छताकडं पाहत म्हणाला, "ताईनं मेल्यावरबी कान धरला, दाजी." आम्ही दोघंही हसलो. हसता हसता तो रडला.

आता तो दर सोमवारी फोन करतो, गोळी घेतली का विचारतो. मी म्हणतो, तुला कोनं सांगितलं घेत न्हाई म्हून?

गिरजेनं पान खाणं सोडलं तेव्हा माझ्या आईच्या पितळी पानाच्या डब्यात आमच्या गोळ्या ठेवायला लागली. सुपारीच्या खणात तिच्या, काताच्या खणात माझ्या. पाकीट मी नावाच्या बाजूनं फाडलं की ओरडायची, "नाव गेलं की गोळी बिनगावाची झाली. मंग तिला वळखायचं कोनं?" तिचा सुपारीचा खण मी रिकामाच ठेवलाय. लवंगेचा वास अजून आहे त्याला.

रोज सकाळी डबा उघडतो. पाकीट उलटं धरतो, दुसऱ्या टोकाची गोळी काढतो. नाव आणि तारीख शेवटपर्यंत शाबूत राहते. आता ओरडायला कोणी नाही, तरी बराबर त्याच बाजूनं काढतो.