बारीक होत गेलेला पाइप

आमच्या घरामागच्या परड्यातला सांडपाण्याचा पाइप मी बसवला होता, माझ्या धाकट्या भावाने नाही. तो तुंबला आणि स्वयंपाकघराची भिंत पडली, तीही भावाच्या बायकोमुळे नाही. एवढंच सांगायचं होतं. ते सांगायला मला म्हातारं व्हावं लागलं.

आमचं गाव कडोलीच्या अलीकडे. शेती भाऊ बघायचा आणि मी बेळगावात एका कचेरीत कारकून होतो, रोज बसने जाऊन येऊन. घर एक, चूल एक. परड्यातल्या दगडावर भांडी घासायचं काम भावाच्या बायकोकडे होतं. ती धाकटी सून, म्हणून घरात तिला सगळे धाकटीच म्हणायचे. ते पाणी तिथंच साचायचं, वास यायचा, डास व्हायचे. पुढच्या गल्लीत पंचायतीने गटार बांधलं तेव्हा मी घरात जाहीर केलं, की परड्यातलं पाणी मी बोळातून पाइपने थेट गटारात काढून देतो. गवंडी बोलवायची काही गरज नाही.

पाइप घरातच होते. विहिरीची जुनी लाइन काढली तेव्हा उरलेले तुकडे गोठ्याच्या माळ्यावर पडून होते. चार इंची होते, तीन इंची होते, आणि एक अडीच इंची. पण शेतीचा पाइप वेगळा आणि मोरीचे जोड वेगळे. बोलायला दोघांनाही तीन इंची म्हणतात, हातात घेतलं की बसत नाहीत. म्हणून मी पाइपाचा कापलेला तुकडा पिशवीत घालून कचेरीला न्यायचो आणि सुटल्यावर अनगोळपर्यंतची दुकानं पालथी घालायचो. पिशवीतून बाहेर आलेलं टोक बघून बसचा कंडक्टर म्हणाला, "काय अण्णा, बासरी लई दांडगी घेतलायसा की. वाजती काय?"

"फुकायला तुझ्यासारखा माणूस पायजे," मी म्हटलं. सगळी बस हसली. मलाही बरं वाटलं. कारकून असून हाताने काम करणारा माणूस, अशी माझी गावात ओळख होती आणि ती मला आवडायची.

एका दुकानातला वळणाचा एल्बो सैल व्हायचा, दुसऱ्यातला चढायचाच नाही. चार इंचीवरून तीन इंचीवर यायला एक रिड्यूसर मिळाला, तो घेतला. पुढचा जोड मात्र कुठे मिळेना. तेव्हा तो शेतातल्या पद्धतीने करायचं ठरवलं. आमच्याकडे हे सगळ्यांनाच येतं. उसाचं पाचट पेटवायचं, पाइपाचं तोंड जाळावर फिरवत राहायचं, ते मऊ पडलं की दुसऱ्या पाइपावर दाबून चढवायचं आणि वर ओलं फडकं गुंडाळायचं. अडीच इंचीचं तोंड मी असं तापवून तीन इंचीवर चढवलं. जरा जास्तच तापलं. काळं पडलं, आत सुरकुत्या आल्या. पण बसलं.

म्हणजे भांड्यांच्या दगडापाशी पाइप चार इंची, बोळात तीन इंची, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीलगत गटारात जाताना अडीच इंची. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, उलट हुशारी वाटली. विहिरीच्या लाइनीला आम्ही शेवटी बारीक पाइपच लावायचो, पाणी लांबवर फेकलं जायचं. पण तिथं मागून मोटार रेटत असते. परड्यातल्या पाण्याला मागून कोण रेटणार? ते आपलं उतारानं जाणार, आणि त्याच्याबरोबर शितं, चिंचेचा चोथा, तेल. हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. भाऊ त्या दिवशी रताळ्याचे वेल लावायला शेतात गेला होता. तो परत यायच्या आत मी बोळात चर खणून, पाइप घालून तो बुजवूनही टाकला. वरून बादली ओतली, पाणी गटारात धो धो पडलं. आई म्हणाली, "शिकलेला पोरगा तो शिकलेलाच."

थंडीत पाइप तुंबला. वरचं पाणी जाताना दिसत होतं, म्हणून कुणाला कळलं नाही. ते गटारात न जाता त्या सुरकुतलेल्या जोडातून भिंतीच्या पायात मुरत होतं. भिंत मातीची. एका दुपारी ती बाहेरच्या अंगाला बसली. आत कुणी नव्हतं एवढंच नशीब. फडताळ, पिठाचे डबे, लोणच्याची बरणी, सगळं बोळात.

मी सुट्टीवरच होतो. लांब सळई घेतली आणि वरच्या तोंडातून पाइपात घातली. सळई जिथं अडली ती जागा मला पाठ होती, जाळावर चढवलेला तो अडीच इंचीचा जोड. सळई अडली त्याच क्षणी मला सगळं कळलं. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. तुंबलं कशानं, हे मला नंतर कधीतरी कळलं नाही. तिथंच, उकिडवा बसलेलो असताना कळलं.

सळईला लागून एक गोळा बाहेर आला. भाताची शितं, केस, काळपट तेल. आई, भाऊ, शेजारच्या दोघी, सगळे उभे होते. मी तो गोळा उंबऱ्यासमोरच्या फरशीवर ठेवला आणि म्हणालो, "हे बघा."

दुसरं काही बोललो नाही. बोलायची गरजच पडली नाही.

आई धाकटीकडे वळली. "खरकटं ओततीस व्हय गं मोरीत? आईनं हेच शिकवलं काय?"

"न्हाय वो आत्ती. मी सगळं म्हशीच्या पाटीत काढती."

"मग हे आभाळातनं पडलं?"

भावाने सगळ्यांसमोर तिच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. ती भिंतीला टेकायला मागे सरली आणि मागे भिंत नव्हती. शेजारणीने तिला धरलं. मी सळई पुसत होतो.

भिंत पुन्हा बांधली. पाइपाचं वरचं तोंड मीच सिमेंटने बंद केलं. म्हणालो, हिच्या हातात पाइप टिकायचा नाही. खरं कारण एवढंच होतं, की कुणी उकरलं तर जोड दिसेल. त्यानंतर धाकटी भांडी घासून झाली, की पाणी बादलीत भरून बोळातून पुढच्या गटारापर्यंत नेऊन ओतायची. सकाळची भांडी, संध्याकाळची भांडी. पोटुशी असताना नेलं. भाऊ गेल्यानंतरही नेलं. सणासुदीला पाहुण्या बायका जमल्या की कुणीतरी म्हणायचंच, "धाकटीला मोरीपाशी सोडू नका गं, भिंत पाडंल." सगळ्याजणी हसायच्या. तीही हसायची. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असायचो.

या वर्षी पुतण्याने परड्यात फरशी घालायचं काढलं. तो बेळगावात कारखान्यात आहे, चांगलं कमावतो. आईला, म्हणजे धाकटीला, बसल्या जागी नळ आणि खाली नवा पाइप द्यायचा म्हणाला. बोळ उकरताना तो जुना पाइप अख्खाच्या अख्खा वर आला. इतक्या वर्षांत मातीने काही खाल्लं नव्हतं. चार, तीन, अडीच, आणि मधला काळा सुरकुतलेला जोड.

पुतण्या हसायला लागला. "अरं, हे बघा की! खालनं बारीक केलाय. तुंबणारच की हे. कुठल्या शहाण्यानं बसवला?" मग जरा थांबून म्हणाला, "आप्पांनीच बसवला असंल. आमच्या आप्पांचं सगळं कामच असलं."

मी खुर्चीवर बसलो होतो. गप्प बसलो असतो तर तेही खपून गेलं असतं. आप्पा म्हणजे माझा भाऊ, तो काही उठून बोलणार नव्हता. आणि खरं सांगायचं तर दोन घोट चहा होईपर्यंत मी गप्पच होतो.

धाकटी दारात आली होती. पाइपाकडे बघत ती म्हणाली, "त्यांच्यावर कशाला घालतोस रं? त्या दिवशी ते वेल लावाय गेलते."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी कप खाली ठेवला.

"मी बसवला," मी म्हणालो. "आणि भिंत पडली तवा मला ठाऊक झालतं. सळई घातली तवाच. तुझं काही चुकलं नव्हतं."

पुतण्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं. धाकटी खाली बसली. गुडघ्यांमुळे तिला बसायलाच वेळ लागतो.

"मग बादल्या?" ती म्हणाली.

मी उकरलेल्या बोळाकडे बघितलं.

"अण्णा, मी ईचारती. मग एवढ्या बादल्या मी कशापायी वाहिल्या?"

"जाऊ दे गं आई," पुतण्या म्हणाला. "लई जुनं झालं ते."

"तुला जुनं. माझं गुडघं अजून हाईत."

मी हात जोडले. तिने ते बघितले आणि म्हणाली, "माझ्याम्होरं हात जोडून काय करतासा? ते गेलं तसंच, मलाच खोटी समजून. आत्तीबी गेल्या. आता कुणाला सांगणार हाईसा?" मग तिने पुतण्याला मोबाइल आणायला सांगितला. "आक्काला लाव. तिला तिच्या लग्नात माझ्यावरनं ऐकवलं हुतं सगळ्यांनी. अण्णाच सांगतील."

आक्का म्हणजे माझी पुतणी, बोरगावात दिलेली आहे. फोन तिनेच उचलला. मी जे वर लिहिलं आहे तेच सांगितलं, अडखळत, मागचं पुढं करत.

"काका," ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "इथं माझी सून मला हसती. भांडी घासताना मी मोरीवर चाळणी धरती म्हणून. एक शीत गेलं तरी छातीत धडधडतंय माझ्या." मग म्हणाली, "फोन आईकडं द्या."

मी दिला. धाकटी भिंतीचा आधार घेत उठली आणि फोन कानाला लावून आत गेली. दार पुढं लोटून घेतलं. पुतण्या पाइपाचे तुकडे गोळा करत राहिला, माझ्याकडे न बघता. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. खूप वेळ येत होता. मला कुणी आत बोलावलं नाही, आणि बोलवावं असं म्हणायचा मला हक्कही नव्हता.