दोन गाड्यांच्या मधला किल्ला

अर्जदार: मी, राहणार अकोला, धंदा तहसिलीसमोर अर्ज लिहिणे. गैरअर्जदार: माझा अमरावतीचा जावई, हल्ली मुक्काम ओसाका, जपान. प्रकरणाचा काळ: गेला चैत्र. साक्षीदार: माझी पत्नी, जिच्यावर अन्याय झाला तीच. दुसरा साक्षीदार मिळाला नाही, कारण त्या देशात माझी भाषा कोणी जाणत नव्हते.

मुलीला सातवा महिना होता, म्हणून ती घरी राहिली. जावई आम्हा दोघांना हिरोशिमा दाखवायला घेऊन निघाला. वाटेत एक पुरातन पांढरा किल्ला लागतो. तिथे उतरायचे, पाहायचे आणि पुढची गाडी धरायची, असा त्याचा बेत. पत्नीने पिशवीत खण, तांदूळ, हळकुंड घेतले. नारळ विमानतळावरच काढून घेतला गेला. तो विषय स्वतंत्र अर्जाचा आहे. लेकीची सुटका नीट होऊ दे म्हणून पत्नीला देवीची ओटी भरायची होती.

"जावाई, गड हाये म्हनल्यावर वर देवी असनच," ती म्हणाली.

जावई हसला. "मामी, हा आपल्या अकोल्याकडचा नरनाळा गड नाही. वर काही नाही, नुसते रिकामे मजले. तुमचे गुडघे दुखतील."

स्टेशनावर सामान ठेवायची कपाटे भरलेली. मग त्याने पत्नीला सामानासकट गडाखालच्या बाकावर बसवले. माझ्या पत्नीला, सामानाची राखण!

आम्ही जोडे पिशवीत घालून शिडीसारखे उभे लाकडी जिने चढलो. सर्वांत वरच्या मजल्यावर लोक हात जोडून उभे होते. समोर देवघर.

"हे काय आहे, जावाई?"

त्याने पाटी वाचली. "इथली देवता आहे म्हणे."

"देव की देवी?"

तो घुटमळला. "देवी."

"मग तुमच्या मामीले वर आणा."

"मामाजी, गर्दी पाहा ना. चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा. गाडी चुकेल. परतताना थांबू."

खाली येताच मी पत्नीला खरे ते सांगितले. ती एवढेच म्हणाली, "मंग मले काहून नाई नेलं?" जावई घड्याळ पाहत होता.

परतीची गाडी तिथे थांबलीच नाही. खिडकीतून किल्ला दिसला तेव्हा पत्नीने बसल्या जागी हात जोडले. जावई झोपला होता.

आता मुलगी सुखरूप बाळंत झाली, तेव्हा विषय संपला, असे जावयाचे म्हणणे आहे. मला ते साफ नामंजूर आहे. बाळंतपण नीट झाले म्हणून बाकावरचा अपमान पुसला जात नाही.

सबब विनंती, की वर काय आहे हे ठाऊक नसताना "काही नाही" असे छातीठोकपणे का सांगितले, याचा जावयाने लेखी खुलासा करावा. तो माझ्या नव्हे, माझ्या पत्नीच्या नावे असावा. फोनवर अंगठ्याचे चित्र पाठवून प्रकरण निकाली काढू नये.