रिकामी बाटली

सरबताची रिकामी बाटली मी मुंबईत दिवसभर हातात घेऊन हिंडलो. ती घेणारा भंगारवाला कुठे भेटेना, म्हणून परतीच्या एसटीत हळूच सीटखाली सरकवली. शेजारी सोनगीरची एक अक्का होती. मुलाकडून आणलेल्या रिकाम्या बाटल्यांची गच्च पिशवी तिने नातवंडासारखी मांडीवर धरली होती.

"भाऊ, तुमनी बाटली पडनी."

"रिकामी आहे, अक्का."

"रिकामी शे, मरेल नही शे! पोऱ्यानी बिल्डिंगमा भंगारवाल्याले येऊ देतस नही, म्हनीसन मी बठ्ठ्या बाटल्या गावले ली चालनी."

धुळ्याला उतरताना तिने बाटली पदराने पुसून माझ्या मांडीवर ठेवली. शाळेत स्वच्छतेवर निबंध लिहून घेणारा मी जळगावपर्यंत ती धरूनच बसलो. घरी बायकोने तिच्यात तेल भरलं आणि म्हणाली, "मुंबईहून पहिल्यांदाच कामाची वस्तू आणलीत."